शून्य शून्य आठ एक तीन

एक लाख गोट्या माझ्या ताब्यात असतात.
लाकडाच्या, करवंदाएवढ्या,
प्रत्येकीवर पाच आकडे कोरलेले.
रंगवत नाही. रंगालाही वजन असतं,
आठाला जास्त लागतो, एकाला कमी.
इतक्या काळजीने आम्ही नशिबाचे डोळे बांधतो.

माझा भाचा परदेशात याच धंद्यात आहे.
तिकडे गोट्या प्लास्टिकच्या. खालून वारा सोडतात,
आधणातल्या तांदळासारख्या उसळतात.
काही देशांत तर गोट्याच नाहीत, म्हणतो,
बंद खोलीत एक यंत्र मनातल्या मनात आकडा धरतं.
मग लोकांना दाखवता काय, मी विचारलं.
आकडा, म्हणाला.

आमच्याकडे गोटी दाखवावी लागते.
नाताळच्या सोडतीआधी, माद्रिदच्या त्या नाट्यगृहात,
ज्याला शंका असेल त्याने यावं,
आपला नंबर तारेत ओवलेला बघून जावं.
आणि येतात.
एका तिकिटाचे दहा भाग, एका भागाचे पाच वाटेकरी,
त्यातले दोन जावई, एकमेकांशी न बोलणारे.
खानावळीची मालकीण येते, सगळ्या गल्लीला तिने एकच नंबर विकलेला.
चष्मा पुसतात, वाकून बघतात,
फसवणूक होणारच असेल तर सगळ्यांची सारखी होईल
एवढी खात्री करून कॉफी प्यायला जातात.

बेनिल्देबाई आस्तुरियासहून रात्रीच्या बसने यायच्या.
शून्य शून्य आठ एक तीन.
मी तार शोधायचो, बोट ठेवायचो.
आहे का?
आहे, बाई.
आतच ना?
आतच.
मान हलवायच्या, हातमोजे चढवायच्या.
असं अकरा वर्षं.

बाराव्या वर्षी मी जरा सलगीने म्हटलं,
तिकीट तरी दाखवा, बाई.
शेवटचा आकडा जुळला तरी पैसे परत मिळतात,
लोक घ्यायचेच विसरतात.
म्हणाल्या, मी तिकीट घेत नाही.

मग पर्समधून पितळी बिल्ला काढला,
वर खिळ्यासाठी भोक. ८१३.
खाणीत उतरताना दोन मिळायचे,
एक गळ्यात, एक फळ्यावर.
पाळी सुटली की माणसं मोजत नसत, खिळे मोजत.
ओलेगारिओ, माझा भाऊ. एकोणीसचा होता.
तो बोगदा त्यांनी पुढे भिंत घालून बुजवला.
एवढं सांगून त्यांनी विचारलं, स्वच्छतागृह कुठे आहे.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखीच गर्दी.
कुणी बिशपच्या वेषात, कुणी डोक्याला नोटा चिकटवून.
शाळेची पोरं कोरे कडक कॉलर घालून रांगेत,
एकाने नंबर गायचा, दुसऱ्याने रक्कम.
गोट्या पिंजऱ्यात ओतल्या.
वीस वर्षं मी त्या आवाजाला गार म्हणत आलो,
पत्र्यावर गारा पडतात तसा.
त्या सकाळी तो वाघिणीत रिकाम्या होणाऱ्या कोळशाचा होता.

लाखातल्या अठराशे सात बाहेर येतात.
बाकीच्यांबद्दल कुणी काही गात नाही.
संध्याकाळी झाडूवाले कागदी फिती गोळा करतात,
आणि मी पिंजऱ्याचं दार उघडून
त्या एकेक परत मोजून घेतो.
आठशे तेरा हाताला लागली की
जरा दिव्याकडे धरतो. नियमात नाही ते.

परवा त्यांनी एक चिठ्ठी दिली. पत्ता,
शेजारणीचा फोन, कारण स्वतःला आता ऐकू कमी येतं.
निघाला तर कळवा.
टीव्हीवर दिसेलच की, बाई, मी म्हटलं.
टीव्हीवर आकडा दिसतो, त्या म्हणाल्या.
तुम्ही कळवा.
रात्र झाली असली तरी.