कोल्हा पाटी

नऊ वर्षं मी मानवतचं तिकीट काढलं
आणि कोल्हा पाटीवर उतरले.
म ओठावरच असतो,
धक्का दिला की निघतो.
क मात्र पार आत, घशाच्या दाराशी
खिळ्यासारखा ठोकलेला.

त्यात माझं नाव कडूबाई.
चार पोरी गेल्यावर मी झाले, नजर लागू नये म्हणून कडू.
नजर नाही लागली. अक्षर लागलं.

जास्तीच्या पैशांचा हिशोब कधी केला नव्हता.
एकदा केला, फॉल-पिकोच्या पावतीमागं:
तेवढ्यात मशीन आलं असतं,
पायडलचं, जुनं, पण आलं असतं.

त्या रात्री मी काही ठरवलं नाही.
ठरवलेलं मोडतं, हे उपासांनी शिकवलंय.
पहाटे रांजण घासायला वाकले,
डोकं आत असतानाच म्हणाले, क.
रांजण म्हणाला, क.
अडखळला नाही.

मग रोज एक. का. काडी. काथ्या.
कात्रीपाशी आठवडा गेला,
कारण दुकानात कात्री मी बोटानं मागायचे
आणि तस्लीम आपा बोट पाहून द्यायच्या.
एका दुपारी ते बोट मुठीत धरलं
आणि क-क-क करत उभी राहिले.
आपा पान चघळत थांबल्या.
शब्द पुरा केला नाही माझा.
ते थांबणं अजून माझ्याकडं उधार आहे.

माणसासमोर निघालेल्या शब्दाला एक बटण.
जोड हरवलेली बटणं दुकानात पडूनच असतात,
ती एका पिवळ्या चिंधीवर शिवायची.

मधे अकरा दिवस एकही नाही.
पुतणीच्या हळदीत कुणीतरी माझी नक्कल केली,
पंगत हसली.
मीही हसले.
त्या हसण्याचं मला अजून वाईट वाटतं.
रांजणाच्या तळाला शेवाळ धरलं तोवर.

मग तो शुक्रवार, साडेसहाची गाडी.
मला बघून घुगे कंडक्टरनं आधीच मशीन दाबलं,
मानवत एक.
भला माणूस. नऊ वर्षांची ओळख.
मी तिकीट घेतलं नाही.
को, म्हणाले. मग नुसता क.
मग नुसता श्वास.
पेडगाव मागं पडलं तरी मी त्याच अक्षरावर.
मागून कुणी म्हणालं, सोडा की हो मास्तर, बाईला बसू द्या.
मी वळले नाही.
को-को-कोल्हा पाटी. एक.

"आता निघालं की मावशी मशीनमधून!
इतके दिवस काहून बोलला नाहीत?"
म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले.
मानवतचं तिकीट त्यांनी पुढच्या सीटवरच्या बाईला खपवलं,
माझं नवीन काढलं.
सुट्टे परत दिले.
त्या नाण्यांना मुठीत घाम सुटला.

उतरले तेव्हा गाडीच्या दिव्यात
क्षणभर पाटी दिसली.
तिच्यावरच्या क चाही रंग उडालेला,
एक पाय तर दिसतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी निघाला नाही.
मानवतचं काढलं. बटण नाही शिवलं.
परवा निघाला. काल अर्धा निघाला,
अर्ध्यासाठी एक तुटकं बटण शोधलं.

चिंधीवर आता त्रेसष्ट आहेत.
शर्टांची, परकराची, एक पितळी, कुण्या वर्दीचं.
काज एकही नाही.
आपा उचलून उजेडात धरतात,
"ये काय को लगाती गे? किसको लगेगा?"

क,
क-कशालाच नाही, म्हणते मी.

त्यांनी डबा माझ्याकडं सरकवला.
मी निळं उचललं.