जरा आधी

धुडकू बाविस्करांचा सिंथेसायझर
त्यांच्या सुनेने माझ्या टेबलावर आडवा ठेवला
तेव्हा आतून आधी तुरीची डाळ सांडली, मूठभर,
मग एक वाळलेली पाल.
"कोठीत होता, वर धान्याचं पिंप," ती म्हणाली.
निघताना पायरीवर थांबली.
"चालू झाला तर बरं.
जेवताना ताटाची कड वाजवत बसतात हल्ली."

स्क्रू अठरा. त्यातले सात गंजून एकजीव.
झाकण निघालं, तर भुसावळचे चाळीस मे महिने
आत एकावर एक बसलेले.
इथे केळीचं पानसुद्धा कडेने करपतं,
कपॅसिटरच्या पोटातली ओल कशी टिकावी?
काहींची डोकी फुगलेली,
काहींच्या बुडाशी तपकिरी डाग, शिळ्या मासळीचा वास.
एक हलवून पाहिला.
हलक्या शेंगेत एकच दाणा वाजावा, तसा वाजला.

सत्तेचाळीस लागले.
सुरत पॅसेंजरने पुडकं आलं,
वर लिहिलेलं: मिक्सरवाले, भुसावळ.
बरोबरच आहे. घर मिक्सरवर चालतं.

दुकान मिटल्यावर रोज पाच-सहा.
एक काढायचा, एक लावायचा.
सगळे एकदम उपटले की
कुणाचा पाय कुठल्या भोकात, आठवत नाही.
वजा बाजूची पट्टी दोनदा बघायची.
उलटा लागला तर फटाका, आणि मग
बायको आतून विचारते, काय फुटलं?

सूर मात्र पहाटे चारलाच लावायचा.
दहा वाजता सा वर सरकू लागतो,
दुपारी पंचेचाळीस अंशांत तो कुणाचाच नसतो.
पहाटे मी आणि तो, मध्ये एक बारीक पेचकस,
पाव फेरा, अर्ध्याचा अर्धा,
दोन आवाजांमधली थरथर मंद होत होत
एकदाची थांबली.
तेवढ्यात यार्डात मालगाडीने भोंगा दिला.
तो जरा उतरलेला होता.
त्याचं मी काही करू शकत नाही.

बाविस्कर आले, इस्त्रीचा शर्ट घालून.
लोकोशेडात फिटर, शनिवारी ऑर्केस्ट्रात,
आता चौऱ्याहत्तर.
बसले. बोटं ठेवली.
सगळं ठीक होतं आणि काहीतरी बिलकूल ठीक नव्हतं.
प्रत्येक सूर तालाच्या किंचित पुढे,
पाहुण्यांच्या आधी पंगतीत बसलेल्या पोरासारखा.
ते थांबले.
"हाऊ लवकर येस, भो."

मला तो तपकिरी डागवाला आठवला.
ॲटॅकच्या सर्किटातला, गळका.
कळ दाबली तरी सूर चढायला वेळ घ्यायचा,
म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं
केसभर आधी दाबत आला.
ढोलकीवाल्याला कळलं नाही,
नाचणाऱ्यांना कळलं नाही,
बहुधा त्यालाही.
मी डब्यातले जुने कपॅसिटर चाळले,
मग सुचलं, बटण आहे की त्यासाठीच,
थोडं फिरवलं की सूर पुन्हा रेंगाळेल.
हात नेला. त्यांनी तो बाजूला केला.
"ऱ्हाऊ दे. उशीर त्याना व्हता, तो गया.
घाई मन्ही शे."

आता रोज चारला येतात.
सिंथेसायझर घरी न्यायचं नाव नाही.
मिक्सरच्या भांड्यांमध्ये जागा करून
एकच कळ दाबतात. थांबतात. पुन्हा दाबतात.
गिऱ्हाईक विचारतं, बाबा काय करताय?
मी म्हणतो, टेस्टिंग.

काल एक सूर नेमका वेळेवर आला.
मी वायंडिंग सोडून वर पाहिलं.
पुढचा पुन्हा आधी.