दोन किलोचं वजन

वडगावात पॉवरलूमच्या शेडवर बाईंची खोली.
खाली बारा माग, वर एक तंबोरा,
मधल्या तक्तपोशीला दिवसभर कापरं भरलेलं.

पहिले तीन महिने मी गायलोच नाही.
चटईवर उताणा पडायचो.
बाई पोटावर वाण्याकडचं वजन ठेवायच्या,
दोन किलोचं, लोखंडी, शिक्का झिजलेलं.
म्हणायच्या, उचल.
हातानं नव्हे रे, उसिरानं.
निधान. निधान.

एक नोव्हेंबरला बाबांनी दंडाला काळी फीत बांधली,
म्हणाले, आज त्या बाईकडं जायचं नाही.
मी गेलो.
बाईंनी काही विचारलं नाही. वजन ठेवलं.

त्या मूळच्या निलव्वा, हुक्केरीजवळच्या.
चौदाव्या वर्षी घटप्रभा संगीत मंडळीत आल्या
आणि मालकांनी जाहिरातीत नलिनी छापलं.
मराठी त्या पदांतूनच शिकल्या,
आधी चाल, मग शब्द, अर्थ सगळ्यात शेवटी.
ळ त्यांचा जन्माचा होता,
पण चांदण्यातला च काही केल्या जमेना.
गालात सुपारी धरून शंभर वेळा चांदणं म्हणायच्या
तेव्हा कुठं रात्री रंगमंचावर ते पडायचं.
अजून दमल्या की तो च निसटतो.
आम्ही हसत नसू. एकदा हसलो होतो.

अकरा वर्षं वन्समोर.
गदगच्या एका शेटजींनी प्रत्येक वन्समोरला चांदीची वाटी पाठवली म्हणे,
वाट्या मालकांनी ठेवल्या.
मग संकेश्वरच्या जत्रेत, तंबूत, तिसऱ्या अंकात
तार षड्जावर गेल्या
आणि सूर आला नाही. नुसता आवाज आला.
पेटीवर कल्लाप्पा होता,
त्यानं ती पट्टी दाबून धरली, त्यांच्या वाटणीची,
भाता संपेपर्यंत.
लोक गप्प बसले.
एखादी शिट्टी चालली असती रे,
बाई म्हणाल्या, भांडी घासता घासता.

मंडळी मोडली तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी
त्यांना एक पडदा मिळाला. राजवाड्याचा.
तोच स्वयंपाकघरापुढं टांगलेला असायचा,
दोन संगमरवरी खांबांच्या मधून
आम्हाला चहा यायचा.

मागांशी भांडू नको, त्या सांगायच्या,
त्यांच्या वरून जाशील तर फाटशील.
खालनं जा.
मी खालनं जायला शिकलो.
तार षड्ज मात्र मलाही आला नाही,
चार वर्षांनी त्यांनीच सांगितलं,
साकु. पोटापाण्याचं बघ आता.
मी जिन्यात बसून रडलो. खाली माग चालूच होते,
कुणाला ऐकू गेलं नाही.

आता मी कंडक्टर. बेळगाव ते निपाणी.
हत्तरगी, संकेश्वर, कणगला,
भरल्या गाडीत, मागच्या दारातून, दिवसाला सहा फेऱ्या.
डेपोत सगळ्यांचे घसे बसतात,
लवंगा, हळद, गरम पाणी.
माझा चौदा वर्षांत बसला नाही.
विचारतात तेव्हा मी काय सांगू,
वजन म्हणतो, आणि ते हसतात.

गेल्या मंगळवारी बाई गाडीत चढल्या.
हातात एक्स-रेचा लिफाफा, निपाणीला भाचीकडं जायचं होतं.
मी शून्य रुपयाचं तिकीट फाडून दिलं.
त्या तिकिटाकडं बघत राहिल्या,
म्हणाल्या, एवढ्या स्वस्तात कुणी बोलावलं नव्हतं.
मी ओरडलो, संकेश्वर!
तेवढ्यात कानाशी,
घशातनं काय ओरडालास, खालनं ये.

स्टँडवर गाडी थांबली.
बाईंनी काचेतून बोट दाखवलं,
एका पेट्रोल पंपाकडं.
हितं, म्हणाल्या.
उतरणारे उतरले, चढणारे चढले.
मी दारात तसाच उभा.
ड्रायव्हरनं आरशातून बघितलं.

शिट्टी मार की रे, बाई म्हणाल्या.
किती वेळ झाला.