घट

डफळापूरच्या शेडात माघापासून
चिंच फोडायचा आवाज असतो.
दगडावर आकडा, आकड्यावर लाकडी टोला,
टरफल मागं, शिरा मागं,
गर मधल्या डालीत,
चिंचोके डाव्या हाताला.
बायका वीस. वजनाला मी.

चिंचोके गाडीनं जातात,
कुठल्याशा मिलमध्ये त्यांची खळ होते, सुताला लागते.
तिथला माणूस पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो,
शंभर मोजून काढतो,
भोकाचे वेगळे करतो
आणि पावतीवर लिहितो : घट.
शंभरात अकरा. शंभरात चौदा.
ती घट इराण्णा शेठ मजुरीतून वळती करतात.
म्हणजे वहीत मी लिहितो, निळ्या पेनानं.

निंगव्वा भोक बघत नाही.
भोक दिसलं म्हणजे राहणारा निघून गेला, म्हणते,
आता त्याला काय बघायचं.
ती चिंचोका परातीत टाकते आणि ऐकते.
भरलेला एकदाच बोलतो, टण्ण.
आतून खाल्लेला जरा उशिरानं,
कडी वाजवल्यावर
आतल्या माणसानं आधी चप्पल शोधावी तसा.

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं,
दार नाही, फट नाही, हा आत गेला कुठून?
हातातलं काम न थांबवता म्हणाली,
झाडावरच. आकडा पिकताना तडकतो की नाही?
तेवढ्यात आई येते. सोंडेनं टोकरते,
एक अंडं ठेवते, वरून थुंकी लावून बुजवते.
झालं तिचं.
मग ते हुळ (ती हुळच म्हणते, मी भुंगेरा)
अंथरूण खातं, भिंत खातं,
घर रिकामं होईल तसतसं अंगानं भरतं.
चिंचोका बाहेरून तोच. तपकिरी, तुकतुकीत,
पोरांनी खेळायला उचलावा असा.

तिनं बाजूला टाकलेला असा एक,
अजून भोक न पडलेला,
मी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत ठेवला,
वर कापसाचा बोळा.
अकरा दिवस काही नाही.
बाराव्या दिवशी तळाला चिमूटभर पीठ,
संध्याकाळी एक सोंड, मग दोन पाय.
बाहेर येऊन तो चिंचोक्यावर चढला
आणि नुसता उभा राहिला,
स्टँडवर उतरून आपलं गाव ओळखू न आलेल्यासारखा.

मी त्याला काट्यावर ठेवला.
काटा हलला नाही.
पोकळ चिंचोका ठेवला, भरलेला ठेवला,
शेठचा गुळगुळीत पितळी काटा, तो काय सांगणार.
तरी मी निंगव्वाला म्हणालो,
याचं वजन तर काहीच भरत नाही,
मग खाल्लेलं सगळं गेलं कुठं?
ती हसली. पदरानं नाकावरची धूळ पुसली.
म्हणाली, तुझ्या वहीत बघ की.

चैत्रात गोदामात गोळ्या टाकल्या.
दाराच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या,
खळ चिंचोक्याचीच, निंगव्वानंच शिजवलेली.
सात दिवस आत जायचं नाही.
पहिल्या रात्री ती दाराला कान लावून बसली.
करकर करतायत, म्हणाली.
मीही कान लावला. मला पत्र्याचा आवाज आला,
लांबून जतच्या रस्त्यावरचा ट्रक आला.
दुसऱ्या दिवशी म्हणाली, कमी झालं.
तिसऱ्या दिवशी काहीच म्हणाली नाही,
पट्टी एका कोपऱ्याला सुटली होती
ती अंगठ्यानं दाबली
आणि टोला घेऊन जागेवर जाऊन बसली.

बाटली बाहेर राहिली होती, काट्याशेजारी.
बोळा मी काढला की पडला, आठवत नाही.
शनिवारी हिशोब.
निंगव्वाच्या नावापुढं घटीचा रकाना आला,
पेन थोडं थांबलं.
मग लिहिलं, अकरा.