बनावटीचा रकाना

निवडणूक संपली आणि देवगड ठाण्यातून
बंदूक परत आली ती गोणपाटात, तीन तुकड्यांत,
शिवाय ब्लेडच्या रिकाम्या पुडीत चार स्क्रू.
हवालदार म्हणाला, ठेवली होती तिथं छत गळत होतं,
कुणीतरी पुसायला म्हणून खोलली,
मग त्याची बदली झाली.

सोबत एक फॉर्म.
काका गेला, परवाना आता भामाकाकीच्या नावावर करायचा,
तर तिसऱ्या रकान्यात लिहा : बनावट.

मला बोलावलं, कारण मी ट्रॉलरची इंजिनं खोलतो
आणि काकीच्या लेखी लोखंड ते लोखंड.

खळ्यात वाळत घातलेल्या आमसुलांशेजारी
काकाचं धोतर पसरलं, त्यावर मांडामांड :
फणसाचा दस्ता, काथाच्या रंगावर गेलेला.
घोडा, ज्याला नुसती मान.
नळीला डोळा लावला तर पलीकडे
चवलीएवढं आभाळ, कडेनं तांबेरलेलं.

काका सांगायचा, विलायती आहे.
वादळात आगबोट खाडीला लावून दिली म्हणून
कप्तानानं पणज्याच्या हातात ठेवलेली.
दर सत्यनारायणाला तो कप्तान
वीतभर उंच व्हायचा.

मी रॉकेल घेतलं, राख घेतली.
दस्त्यात झाकून जाते ती बाजू घासत राहिलो,
मोबाइलचा उजेड तिरका धरला.
आधी एक मोर निघाला, किंवा कोंबडा.
मग एक अक्षर, ल,
वर टिंबासारखं काही. लंडन, मी ओरडलोच.
टिंब नखानं निघून आलं. गंज होता.
अलीकडे सखाराम, मात्र्या लहान-मोठ्या,
पलीकडे ल ला काना, एक मात्रा, आणि
पुढचा लोहार झिजून गेलेला.

काकीला वाचून दाखवलं.
तिनं एक आमसूल उलटं केलं.
"माका ठावक होता. चाळीस वर्सां मीया पुसलंय ती.
तेंनी नुसते बार काडले."

मग कधी बोलली का नाहीस?

"बोलान? तेंचो कप्तान मगे खंय गेलो असतो?"

जोडायला बसलो. बसेना.
मी पक्कड घेतली, दात खाल्ले.
"जोर काडू नको रे, ती आपसूक बसता,"
म्हणत तिनं माझ्या मांडीवरून ती ओढून घेतली.
डोळ्यांत मोतीबिंदूचं पाणी, तोंड विहिरीकडे,
आणि बोटं खाली आपली आपण चाललेली,
जशी कालवं फोडताना चालतात.
तीन स्क्रू काळे. चौथा चकचकीत.

हा कुठला?

"शिवणाच्या मशीनचो. तुझ्या जन्माच्या वर्साक
वांदरांनी मोहोर ठेवलो नाय, आणि नेमको स्क्रू गवतात पडलो.
म्हणान तुझा झबला हातान शिवलंय."

पंचेचाळीस वर्षांचा मी
त्या स्क्रूकडे बघत बसलो.

घोडा ओढला, रिकामाच, दोनदा.
कलमावरची वानरं खाताखाता थांबली.
धोतरावर एक पितळी चकती उरली होती,
करंगळीच्या नखाएवढी. तिला ठाऊक नाही, मला नाही.
"आसांदे," म्हणाली, आणि बटणांच्या डब्यात टाकली.

राहिला रकाना.
"घरची लिही," काकी म्हणाली.
काकी, घरची लिहिलं तर दोघं आत जाऊ.
तिला हसू फुटलं, मग बराच वेळ फुटत राहिलं,
पदर तोंडाला लावून,
काका गेल्यापासून पहिल्यांदा असावं.

मी लिहिलं : देशी, जुनी.
तिनं सही केली, सावकाश, सत्यभामा विसाजी,
कागद डाव्या हातानं दाबून धरत.
सहीशेजारी गंजाचा अंगठा उठला.
तो कुणी मागितला नव्हता.