चाक मूळचं नाही

जुनं इंजिन घेताना आधी डोळे मिटायचे.
रंग फसवतो, वजन फसवत नाही.
तळहातावर ठेवायचं आणि थांबायचं.
पोकळ वाटलं, तर आतली मोटर कुणीतरी काढून नेलीय
आणि वर झाकण तेवढं शाबूत.
अशी माणसंही शेडमध्ये पुष्कळ पाहिली, रोज हजेरी लावणारी.

मग वास.
जळक्या वार्निशचा आला तर आर्मेचर गेलं.
शिलाई मशीनच्या तेलाचा आला तर कुणीतरी जीव लावलेला.
मग नख, बॉडीच्या कडेकडेनं.
पापडासारखी भेग लागली की समजायचं, ओतकामातच खोट होती.
तो धातू आतून फुगत जातो, वर्षाला केसभर,
आणि त्याला औषध नाही.
(हे तायडेला तीनदा सांगितलं.
तरी अकोल्याहून साडेतीन हजारांचं फुगलेलं घेऊन आलाच.)

चाळीस वर्षं खऱ्या इंजिनांखाली पाठीवर झोपलो.
रिटायर झालो तेव्हा बायको म्हणाली, आता तरी लोखंड सोडा.
सोडलं. आता वीतभरच घेतो.

मे महिना, भुसावळ सेहेचाळीसवर.
फेगड्यांच्या नातवाचा फोन:
"काका, घर खाली करू र्‍हायलो. आजोबांच्या पेटीत
एक इंजिन निघालं. तुम्हाले समजतं म्हणे त्यातलं."
फेगडे म्हणजे आमचे फोरमन.
त्यांच्यासमोर आम्ही चहासुद्धा उभ्यानं प्यायलो.

पेटीत केळीची वाळकी पानं, त्यांत ते.
काळं, विलायती, तीन रुळांवर चालणारं.
घुमटावरचा रंग बोटांनी झिजून पितळ उघडं पडलेलं.
अशी झीज मी किमतीतून वजा करत नाही,
पण विकणाऱ्याला तसं सांगतही नाही.
खोट मोठ्यानं बोलायची, गुण मनात मोजायचे.

म्हणून बोलत गेलो:
बफर गेलंय. खोका नाही. चुंबक थकलंय.
पोरगा मान हलवत होता,
डॉक्टर रिपोर्ट वाचताना नातेवाईक हलवतात तशी.
मग उलटं केलं.

पुढच्या बोगीचं डावं चाक बदललेलं.
पितळेचं, हातानं कातलेलं,
आणि आतल्या अंगाला पंचनं मारलेले तीन ठिपके.

संपाचं वर्ष. मी अप्रेंटिस, मिसरूडही धड नव्हतं.
फेगडेसाहेबांनी हातावर मोडकं चाक ठेवलं, इवलंसं.
"असंच कर. कशाला ते विचारू नको."
तीन बिघडली, चौथं दिलं.
माझ्या कामावर तेव्हा मी तीन ठिपके मारायचो,
आतल्या बाजूला, कुणी बघणार नाही असे.
साहेबांनी ते दिव्याकडं धरलं. "हं," म्हणाले.
त्यांच्याकडून मला मिळालेलं तेवढंच.

"काय झालं, काका?"
"चाक मूळचं नाही," मी म्हणालो,
"आठशे कमी होतील."
तोंडातून निघूनच गेलं.
"चालेल ना," तो म्हणाला, आणि मला पाणी आणून दिलं.
बावीसशेला घेतलं.

रात्री ट्रान्सफॉर्मर जोडला. लाइट दोनदा गेली.
तिसऱ्यांदा आली तेव्हा ते हललं,
स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन वळलं,
आणि चाकाच्या दर फेऱ्याला नाक जरासं डावीकडं टाकत राहिलं.
कातताना मध्य सुताभर चुकला होता.
"लंगडतंय का हो ते?" बायको आतून म्हणाली.

एक स्क्रू काढायचा, पाच मिनिटांचं काम.
पन्नास वर्षांनी माझ्या कामाला दंड झाला,
तो मीच ठोठावला
आणि भरला त्यांच्या नातवानं.

आठशे रुपये वेगळे काढून
टेबलाच्या खणात ठेवलेत.
स्क्रूड्रायव्हरही तिथंच आहे.