खालची पट्टी

आम्ही सुरुवातीला अर्धा सूर खाली का वाजवायचो,
असं कुणी विचारलं की तांडेल सांगायचा,
'गाण्यात अंधार हवा होता.'

थापा.

घाटल्यात रामअवधच्या गिरणीवर पोटमाळा होता,
महिना अठराशे, वीज धरून.
खाली दळण पडलं की पट्ट्याची घरघर
लाद्यांतून माझ्या तळव्यांत, तिथून बासमध्ये.
माझी जाड तार पांढरी तीन,
पट्टा गायचा काळी दोन.
दोन आठवडे भांडून पाहिलं त्याच्याशी.
मग तारा सैल केल्या.

बेनीने झांजेवर काठी मारली
की पिठाचा एक छोटा ढग उठायचा,
आणि आम्ही चौघं पांढऱ्या भुवयांचे म्हातारे
बाविसाव्या वर्षी.
मागच्या बाजूला डंक होता, मंगळवारी मिरची.
यज्ञाचा तो फाटका, चिरत जाणारा आवाज,
ज्याच्यावर कॉलेजातली पोरं जीव टाकायची,
तो निव्वळ मंगळवारचा.
बुधवारी ती बऱ्यापैकी गोड गायची.
ते आम्ही कधी रेकॉर्ड केलं नाही.

इमारत पाडायला निघाली. रामअवध जौनपूरला गेला,
जाताना पाच किलो कणीक देऊन.

साकीनाक्याचा स्टुडिओ, तासाला सातशे.
भिंतींना करडा स्पंज, दार लावलं
की कान आत ओढल्यासारखे.
तिथे मला पहिल्यांदा माझी बोटं ऐकू आली.
नख घासतं. तिसरं बोट उशिरा पोचतं.
चार वर्षं मी चुकत होतो
आणि गिरणी माझ्यावर पीठ टाकत होती.
घाबरून रात्र रात्र रियाज केला,
म्हणून तो दुसरा अल्बम इतका नीटनेटका.
कुणी म्हणालं, परिपक्व झाले.
कुणी म्हणालं, विकले गेले.
विकत कोण घेत होतं, तेवढं कुणी सांगितलं नाही.

तांडेलचा डावा कान गेला,
पूर्ण नाही, फक्त वरचे सूर,
चिमण्या, कुकरची शिटी, बायकोचं 'अहो' मधला 'अ'.
तो मुकाट्याने ट्रेबल वाढवत राहिला,
आम्ही मुकाट्याने वाढवू दिलं.
तिसरा अल्बम म्हणून तसा, बाभळीचा.
मुलाखतीत एकीने विचारलं, ही नवी दिशा जाणूनबुजून?
त्याने गंभीरपणे मान डोलावली.
ती त्याच्या डाव्या बाजूला बसली होती.

बेनी मस्कतला गेला, क्रेनच्या कंपनीत.
त्याच्या जागी एक डबी आणली, कधीच न चुकणारी.
बेनी दुसऱ्या कडव्यानंतर पळायचा,
त्याला धरायला आम्ही पळायचो,
धापा टाकत गाणं संपायचं.
डबीबरोबर आम्ही शेवटाला अगदी वेळेवर पोचलो
आणि तिथे कुणीच नव्हतं.

आता मुलुंडला, यज्ञाच्या घरी, रविवारी दुपारी.
पलीकडच्या खोलीत तिचे वडील झोपून,
नाकाला नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन.
अ‍ॅम्प नाही. ड्रमच्या जागी सोफ्याचा हात.
यज्ञा जवळजवळ बोलते,
शब्द ओठांवरून खाली ठेवते, ताटली ठेवावी तसे.
तांडेल उजवा कान पुढे करून बसतो.
बेनी गाडीच्या स्टिअरिंगवर ठेका धरून पाठवतो,
अजूनही पळतो मेला.

आणि मधे दार किलकिलं,
कारण तिला मशीन ऐकू यायला हवं.
ते काळीतही नाही, पांढरीतही नाही,
दोहोंच्या फटीत कुठेतरी,
पेटीवर सापडणार नाही असा सूर, श्वासाश्वासाला.
पहिल्या रविवारी आम्ही त्याच्यावरून वाजवलं.
दुसऱ्या रविवारी यज्ञा एका ओळीवर अडली,
दाराकडे पाहत राहिली.

मी काही बोललो नाही.
खुंटीला हात घातला, तार हळूहळू उतरवली,
तांडेलने माझी बोटं पाहिली आणि त्याची उतरवली.

उद्या कुणी विचारलंच,
तर तो काय सांगणार आहे ते मला माहीत आहे.
सांगू दे.